नावांचा दरवाजा

"ह्योच का त्यो दरवाजा?"

लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापुढं उभी राहून मी नुकतं तोंड उघडलं होतं. 'सोळाशे अठ्ठेचाळीस साली शहाजहान बादशहानं' इथवर आले होते आणि मागून हा प्रश्न आला. एकतीस बायकांच्या घोळक्यातून वाट काढत एक म्हातारी पुढं आली. हिरवं इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिनं मान मागं टाकून दरवाजा वरून खाली, खालून वर न्याहाळला.

"कोणता दरवाजा, आजी?"

"नावं असल्याला. ह्येच्यावर नावं न्हाईत."

"हा लाहोरी दरवाजा. यावर नावं नाहीत."

"मग न्हाई त्यो," असं म्हणून ती बाजूला झाली. जणू बाजारात वांगी दाबून पाहिली आणि परत टोपलीत ठेवली.

बायका हसल्या. आणि घोळक्याच्या कडेला उभ्या असलेल्या, प्रवासी कंपनीच्या रेग्यांनी आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.

ती वही म्हणजे त्या दिवशी माझं नशीब होतं. एकोणीसशे एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी. मी चोवीस वर्षांची. माझा जन्म दिल्लीचा. वडील सरकारी नोकरीत, मार्चअखेर निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार आणि सगळं घर नाशिकला जाणार. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "शरयू, नोकरी लागली तर राहा मामाकडे. नाहीतर तुझ्या पुस्तकांची खोकी बांधायला घे." साताऱ्याकडच्या एका प्रवासी कंपनीला दिल्लीत मराठी बोलणारी गाईड हवी होती. त्यांचे व्यवस्थापक रेगे म्हणाले, एक दिवस घेऊन पाहू. तो हा दिवस. खटाव तालुक्यातलं एक महिला मंडळ, एक बस, आणि रेग्यांच्या हातची यादी: लाल किल्ला, हुमायूनची कबर, कुतुबमिनार. राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट बसमधूनच. साडेचारला करोलबागेत शालींचं दुकान. 'दुकान' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या.

"बाकी कुठं पाच मिनिटं इकडंतिकडं चालतील," ते म्हणाले होते. "दुकान नाही."

किल्ल्यात मी पाठ केलेलं सगळं ओतलं. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, संगमरवराची जाळी, साल, राजा, पुन्हा साल. बायका माना डोलवत होत्या, पण डोळे दुसरीकडंच.

"एवढा मोठा वाडा, आन् चूल कुठं म्हनायची?" हौसाबाई नावाच्या एका उंच, काटक बाईनं विचारलं. तिची जीभ सकाळपासून मोकळी सुटली होती. चहात साखर कमी, बसची शीट टणक, आणि माझी साडी म्हणे शाळेतल्या बाईसारखी.

"स्वयंपाकघर इथं दिसत नाही आता."

"बादशा काय वारा खाऊन ऱ्हात हुता व्हय?"

मी हसले, आणि मनातल्या मनात रडले. रेगे लिहीतच होते.

बसमध्ये चढताना ती म्हातारी माझ्या शेजारी थांबली. मी यादीत तिचं नाव पाहिलं होतं: ठकूबाई ज्ञानू फडतरे, वय सहासष्ट. ती खरं तर या मंडळातली नव्हती. जागा तिच्या लेकीची; नात बाळंतपणाला आली म्हणून लेक घरी राहिली आणि आईला पाठवलं. सगळ्या जणींत ती एकटीच परगावची.

"म्होरल्या ठिकाणी दरवाजा हाय का, बाई?"

"आहे ना, आजी. दिल्लीत दरवाज्यांना तोटा नाही."

हे मी थट्टेनं म्हटलं. तिनं मात्र मान हलवली, शेतातलं लांबचं काम ऐकून हलवावी तशी.

*

हुमायूनच्या कबरीपाशीही तेच. पहिल्या दरवाज्याशी थांबली, भिंतीवर तळहात फिरवला, मागं वळली. "न्हाई." दुसऱ्या दरवाज्याशी पुन्हा. "न्हाई."

मी ओट्यावर उभी राहून सांगायला लागले, पण या वेळी सनावळी सोडली. का सोडली कुणास ठाऊक. कदाचित ऊन कोवळं होतं, कदाचित समोर पाण्याचा पाट मंद चमकत होता. मी म्हटलं, "हा बादशहा जिन्यावरून पडला आणि गेला. मग त्याच्या बायकोनं ही इमारत उभी करायला घेतली. वर्षामागून वर्षं काम चाललं. तिनं दगड पारखून घेतला, कारागीर लांबून आणवले."

बायका पुढं सरकल्या. पहिल्यांदाच.

"बायकूनं?" हौसाबाई म्हणाली. "आन् आमास्नी वाटलं समदं बादशेच बांदत्यात."

ठकूआजी पायरीवर टेकली. घुमटाकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "तिला जागा तरी गावली. बांदायला."

जेवणाचे डबे त्याच बागेत उघडले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं वाळून गेलेलं. मी ठकूआजीशेजारी बसले.

"कुणाची जागा सापडली नाही, आजी?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"माज्या मामंजींची. मालकांच्या वडलांची. लढाईत गेलं. इंग्रजाच्या पलटणीत हुतं, तकडं काबूलच्या डोंगरात. येक कागुद आला, 'मानूस गावत न्हाई' म्हनून. सासू तवा सतरा वरसाची, पोटुशी. त्या सालात पूर आला, घर पडलं, ती म्हायेरला गेली. म्होरं कागुद आला का न्हाई, कुनाला ठावं?"

हौसाबाई पलीकडून कान देऊन होती. ती भसकन म्हणाली, "म्हंजी तुमी त्या काबूलकरांच्यातल्या? आगं बाई! आमच्या गावापत्तुर गोष्ट हाय ती. लढाई सोडून पळाला, आन् तकडं गोरी बायकू करून ऱ्हायला त्यो काबूलकर?"

कुणीतरी फिसकन हसलं. ठकूआजीनं मान वर केली नाही.

"तसंच म्हंत्यात," ती म्हणाली. "सत्तर वरसं म्हंत्यात. घराला नावच पडलं, काबूलकर. माजं मालक शाळंत गेलं तर पोरं म्हनायची, 'तुजा बा काबूलला दुसऱ्या पोरास्नी खेळवतुया.' दोन सालात शाळा सुटली. सासूनं काय ऐकून घेतलं न्हाई कदी. मरताना म्हनली, 'ठके, दिल्लीला येक दरवाजा हाय म्हंत्यात. मेलेल्या शिपायांची नावं कोरल्यात त्येच्यावर. पळून गेलेल्यांची कोन कोरंल? जमलं तर बगून यी.'" तिनं बोटांनी लुगड्याच्या काठावरची माती झटकली. "आता मालक हातरुणाला खिळल्यात. डोळ्यांनी दिसत न्हाई. निगताना म्हनलं, 'बग, असलं तर. नसलं तर येऊन सांगू नगंस.'"

मी डबा बाजूला ठेवून यादी उघडली.

तो दरवाजा म्हणजे इंडिया गेट. माझ्या यादीत 'बसमधूनच' असा लिहिलेला.

*

कुतुबमिनारापाशी मी काय बोलले ते मला आज आठवत नाही. लोखंडी खांबाला पाठ लावून मागून हात जुळवायचा खेळ बायका खेळल्या, हौसाबाईचे हात जुळले आणि तिनं तालुका जिंकल्यासारखी आरोळी ठोकली, एवढं आठवतं. अलाई दरवाज्याजवळ ठकूआजीनं माझ्याकडं पाहिलं. मी हळूच मान हलवली: हा नाही. मग ती भिंतीला हात लावायलाही गेली नाही. तिचा दरवाजा कोणता ते मला ठाऊक आहे, हे तिला कळलं होतं.

बस निघाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी पुढं जाऊन रेग्यांच्या सीटपाशी उभी राहिले.

"साहेब, इंडिया गेटला थांबू या. एक तास."

"यादीत नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत ऐकलं.

"तिथं तेरा हजारांवर नावं आहेत, मिस. वर, खाली, चारी बाजूंनी. इंग्रजीत. कमानीखाली जाऊ देत नाहीत, साखळी आहे. तासाभरात तुम्ही एक नाव शोधणार? आणि नाही सापडलं तर? त्या बाईनं काय घेऊन घरी जायचं?"

"तिला विचारू या," मी म्हटलं.

"आणि दुकान?"

"दुकान बुडेल."

"मग तुमची आजची चाचणीही." ते रागानं म्हणाले नाहीत. हवामान सांगावं तसं म्हणाले. "मालक मला विचारतील. मी खोटं सांगत नसतो."

मी बसच्या मधल्या वाटेत वळून उभी राहिले. बायकांना सांगितलं: दोनच गोष्टी होऊ शकतात, शालींचं दुकान किंवा आजींचा दरवाजा. दुकानात दिल्लीच्या शाली मिळतात, गावाकडं मिळत नाहीत अशा. दरवाज्यावर नाव मिळेल याची खात्री नाही.



"शालीला काय करायचंय?" मागून कुणीतरी म्हणालं. "उनाळा तोंडावर आलाय."

"मी सुनंला कबूल केलीया शाल," दुसरी कुरकुरली.

"तुज्या सुनंला माजी दे. जुनीच हाय, तिला काय कळतंय!" हौसाबाई म्हणाली आणि सगळी बस हसली. मग ती ठकूआजीकडं वळली. तिचा आवाज खाली आला. "मावशे, मगाशी मी बोलली त्ये... जीब हाय, सुटती. चला, बगूया तुमचा दरवाजा."

ठकूआजी म्हणाली, "नसलं तर न्हाई. पन बगायचं."

*

आता नाव हवं होतं. बस राजपथाला लागेपर्यंत मी वही उघडून तिच्यापुढं बसले.

"आजी, मामंजींचं नाव सांगा."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"नाव, आजी. काय नाव त्यांचं?"

"फडतरे."

"ते झालं आडनाव. त्यांचं स्वतःचं?"

तिनं पदर तोंडाशी नेला. आजूबाजूच्या बायका गालात हसायला लागल्या. मला काही कळेना.

"आवो बाई," हौसाबाई म्हणाली, "तुमी दिल्लीवाल्या का कोन? सासऱ्याचं नाव कशी घील ती?"

"अहो, पण नावाशिवाय शोधू कशी? तेरा हजार आहेत!"

"पन्नास वरसं झाली लगनाला," ठकूआजी म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, लाज होती, नव्या सुनेची असते तशी. "या तोंडातनं त्ये नाव कदी निगालं न्हाई. मालकांचं बी न्हाई."

"तुम्ही कुणी सांगा मग!" मी बाकीच्यांना म्हटलं.

त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्या दुसऱ्या गावच्या. त्यांना ठाऊक होतं ते एकच नाव, काबूलकर. सत्तर वर्षांत त्या हिणवण्यानं खरं नाव पुसून टाकलं होतं. यादीत तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव होतं, सासऱ्याचं असायचं कारणच नव्हतं. गावात फोन नव्हता. ज्या माणसाचं नाव दगडावर शोधायला आम्ही निघालो होतो, ते नाव त्या बसमध्ये एकाच तोंडात होतं, आणि ते तोंड मिटलेलं.

खिडकीतून इंडिया गेट दिसायला लागलं. ठकूआजी उठून उभी राहिली. त्या उंच कमानीकडं बघता बघता तिचे ओठ हलायला लागले.

मला एकदम सुचलं. "आजी, तुमच्या सासूबाई? त्या तरी कधी घेत होत्या का नाव?"

"सासू व्हय? ती रोज घ्यायची. जात्यावर."

"जात्यावर?"

"ववीत चालतंय की. ववीत नाव घेतलं तर त्ये जात्याला पोचतंय. आमी दोगी समोरासमोर बसायचो, येक खुटा दोगींच्या हातात. ती म्हनायची, मी वडायची."

"मग म्हणा ना ती ओवी! तुम्ही घेऊ नका नाव. सासूबाईंची ओवी म्हणा, बस्स."

ती पुन्हा सीटवर टेकली. मग सीटच्या कडेवरच्या लोखंडी दांडीला उजवा हात लावला, खुंट्याला लावतात तसा मूठ वळवून. डोळे मिटले. आवाज आला तो सहासष्ट वर्षांच्या बाईचा नव्हता. पहाटेच्या कुठल्यातरी घरातून, दोन दगडांच्या मधून आल्यासारखा होता.

*उगवला गं दिवस, जात्यावर आलं ऊन*
*रायाजी गेलं रणा, गेलं मुंडासं बांधून*

*गाव म्हणे पळाला, गावाच्या तोंडी माती*
*रायाजीची माझ्या गं, डोंगराएवढी छाती*

ड्रायव्हर बलबीरनं बस कडेला लावली होती आणि तो आरशातून बघत होता; शब्द एकही कळला नसणार त्याला.

मी वहीत लिहिलं. रायाजी फडतरे.

*

साखळीच्या अलीकडून दगडांवरची नावं दिसतात. रांगांवर रांगा, कुणी भिंतभर पेरणी केल्यासारख्या. मी एकटी हे वाचत बसले असते तर रात्र झाली असती, आणि वरची नावं तर नुसत्या डोळ्यांनी लागतच नव्हती.

"आमी बी बगतो की," हौसाबाई म्हणाली.

"इंग्रजीत आहे सगळं, हौसाबाई."

"आमास्नी मराठी तरी कुटं येतंय? रांगुळी बगून रांगुळी काडतोच का न्हाई? काडून द्या हातावर."

मी तिच्या तळहातावर बॉलपेननं मोठ्या अक्षरांत काढलं: RAYAJI. तिनं हात उन्हात धरून निरखला.

"ह्यो पयला म्हंजी येक पाय म्होरं टाकून उबा ऱ्हायलेला शिपाई. मग तंबू. मग गलोलीची बेचकी. परत तंबू. मग इळा. आन् काठी." तिनं बोट ठेवत ठेवत पुन्हा म्हटलं, "शिपाई, तंबू, बेचकी, तंबू, इळा, काठी. झालं की!"

मग बाकीच्यांचे तळहात माझ्यापुढं आले. मेंदी लावायला बसल्यासारखी मी एकेकीच्या हातावर लिहीत गेले. घट्टे पडलेले हात, भाजलेले, विळ्यानं कापलेले. पेन कुठं कुठं उमटेचना. ठकूआजीनं तळहात पुढं केला नाही. बाही वर सारून हाताची आतली बाजू धरली. "हितं काडा. हात धुतला तर तळव्यावरचं जाईल."

मग त्या पांगल्या. चारी बाजूंना, साखळीच्या कडेकडेनं, माना वर, ओठ हलताहेत. शिपाई, तंबू, बेचकी, तंबू. फुगेवाले थांबून बघायला लागले. एका शाळेच्या सहलीतल्या मुलींनी विचारलं, ये कौनसा मंतर है? एक पोलीस आला, त्यानं बायकांचे हात पाहिले, माझं ऐकलं, आणि म्हणाला, साखळी ओलांडू नका, बाकी बघा हवं तेवढं.

मी रेग्यांपाशी गेले. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती. सहलीत ते ती कुणाला हात लावू देत नसत.

"साहेब, वरच्या रांगांसाठी..."

"दुर्बीण देता येणार नाही," ते म्हणाले. "काच नाजूक आहे." आणि स्वतःच डोळ्याला लावून वरच्या रांगेपासून वाचायला लागले.

वीस मिनिटं गेली. तीस. कमानीची सावली लांबत गेली. तेवढ्यात पश्चिमेकडून आरोळी आली. सुशीला नावाची एक तरुण सून हात हलवत होती. आम्ही धावलो. शिपाई, तंबू, बेचकी, तंबू, इळा, काठी. बरोबर होतं! रेग्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"रायाजी मोहिते," ते म्हणाले.

सुशीलाचा चेहरा पडला. ठकूआजी मात्र त्या दगडाकडं बघत राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले.

"त्यो बी कुनाचा तरी सासराच की. ऱ्हावू द्या. लागा कामाला."

आणि बायका पुन्हा लागल्या. पंचेचाळीस मिनिटं झाली. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं नाचायला लागली होती. करोलबाग, मामाचं घर, पुस्तकांची खोकी, सगळं त्या दगडात मिसळलं होतं. रेगे मघाशी म्हणाले ते वाक्य सारखं टोचत होतं. त्या बाईनं काय घेऊन घरी जायचं?

हौसाबाई एका जागी थिजल्यासारखी उभी होती. ती तिकडं ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसणारी बाई. दोन बांधांपलीकडचं कणीस पाखरानं हलवलं की वाऱ्यानं, हे तिला इथून कळायचं. तिनं हात कपाळाशी धरला होता आणि ती बोलत नव्हती. दिवसभरात पहिल्यांदा.

मग ती हळू म्हणाली, "मावशे. हिकडं या."

"काय गं?"

"त्या वरच्या वळीत बगा. तिसरा दगूड. शिपाई. तंबू. बेचकी. तंबू." तिचा आवाज फाटला. "इळा. काठी."

मी पाहिलं. मला रेघोट्या दिसत होत्या, अक्षरं नाही. रेगे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी दुर्बीण लावली, चाक फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं.

"पुढं काय आहे, साहेब? सांगा ना!"

"थांबा हो." त्यांनी दुर्बीण काढली, चष्मा पुसला, परत लावली. आणि मग शाळेतला मुलगा पहिल्यांदा फळ्यावरचं वाचतो तसं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "फ. ड. त. रे." मग पूर्ण: "शिपाई रायाजी फडतरे. मराठा पलटण."

हौसाबाईनं ठकूआजीला कमरेत धरून वर उचललं. खरंच उचललं, जत्रेत लेकराला उचलतात तसं! "बगा, मावशे, बगा! काबूलला न्हाई, दिल्लीत हुबाय तुमचा मामंजी! उगाच भुकत हुतो आमी!" एकतीस बायकांचा असा काही गलका झाला की कबुतरं उडाली आणि पोलीस परत आला. दटावायला आला आणि हसायला लागला.

ठकूआजी खाली उतरली. पदर डोक्यावरून नीट घेतला, सासरे समोर असल्यावर घ्यायचा तेवढा. जमिनीला हात लावून नमस्कार केला. आणि उभी राहून, कुणी न सांगता, हवेतला खुंटा धरल्यासारखी मूठ वळवून म्हणाली:

*दिल्लीचा दरवाजा, दगूड तांबडा पिवळा*
*रायाजी मामंजी हुबं, न्हाई पहारा सोडला*

दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सगळ्यांनी साथ धरली. शाळेच्या सहलीतल्या मुलींनी टाळ्या धरल्या. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

रेग्यांनी वही काढली. घड्याळ पाहिलं. लिहिलं. मी मान तिरकी करून वाचलं, कारण आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

'इंडिया गेट: बावन्न मिनिटं. दुकान: नाही. नाव सापडलं. गाईड ठेवावी.'

*

मे महिन्यात कंपनीच्या कामानं मी साताऱ्याला गेले. एक दिवस काढून खटावकडची एसटी धरली. फाट्यावर उतरले, उन्हानं डोळे दिपत होते. पिंपळाखाली चार माणसं बसली होती.

"फडतऱ्यांचं घर कुठं हो? ठकूबाई फडतरे?"

"कोन, दिल्लीकर?" त्यांतला एक उठून उभाच राहिला. "त्ये काय, विटांचं घर. दिल्लीकर म्हनून कुनाला बी इचारा."

अंगणात पाऊल टाकताच ठकूआजी हातातलं सूप टाकून आली. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सोप्यात बाजेवर तिचे मालक पडून होते, पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांवर सायीसारखा पडदा.

"मालक, दिल्लीची बाई आल्याती. ज्यांनी नाव काडलं त्या."

त्यांनी मान उचलली. हात पुढं केला, हवेत, वाट पाहत.

ठकूआजी बाजेच्या कडेला बसली आणि बाही वर सारली. मी पाहत राहिले. माझ्या बॉलपेनची ती अक्षरं गेली नव्हती. दिल्लीच्या दुसऱ्या दिवशी मथुरेच्या बाजारात गोंदणारणीपुढं बसून तिनं ती तश्शीच टोचून घेतली होती. शेवटून दुसऱ्या अक्षराला माझ्या हाताची जी वाकडी ओढ आहे, तीसुद्धा हिरवी होऊन कायमची राहिली होती.

म्हाताऱ्यानं तिचा हात मांडीवर घेतला. खरबरीत बोट त्या गोंदणावरून, पाठ झालेल्या वाटेनं, सावकाश चालायला लागलं.

"शिपाई," ते म्हणाले. "तंबू. बेचकी. तंबू. इळा." बोट थांबलं. "काठी."

ठकूआजीनं मान खाली घातली. ओवीबाहेर ते नाव अजूनही तिच्या तोंडी येणार नव्हतं. ते म्हाताऱ्यानं घेतलं, मोठ्यानं, दाराबाहेर आळीला ऐकू जाईल असं.

"रायाजी फडतरे. माजा बा."